बदलीची बाई

प्रिय हेडबाई,

राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवलाय आणि उद्या सोमवारी शाळेत देणार, असं काल फोनवर म्हणालीस. तो पर्समध्येच राहू दे आणि आधी हे वाच. पूर्ण वाच. पहिल्या दोन ओळी वाचून बाकीचं मनानंच ठरवायची तुझी खोड मला हॉस्टेलपासून, तुझं हेडबाई नाव पडलं तेव्हापासून, ठाऊक आहे. फोनवर सांगायला गेले असते तर तू मला बोलूच दिलं नसतंस. अगं, परक्या देशात असं होतंच, म्हणाली असतीस आणि मी गप्प बसले असते. म्हणून मेल लिहितेय.

भर दुपारी जेवायच्या टेबलाशी बसलेय. माझी एक रूममेट याच टेबलावर पाय ठेवून नखं कापतेय. एक नख मघाशी उडून माझ्या चहात पडलं. तिनं सॉरी म्हटलं आणि पुढचं बोट धरलं. मोरी तिघींच्या केसांनी तुंबलीय, आंघोळ करताना घोट्याएवढं पाणी साचतं आणि त्यात आठवडाभर कुणाची तरी जखमेवरची पट्टी तरंगतेय. कुणी उचलत नाही, मीही नाही. तुला फोटोत जी फुलांची खिडकी फार आवडली होती ना, ती समोरच्या बिल्डिंगची आहे. आमच्या खिडकीतून हॉटेलच्या कचऱ्याचे डबे दिसतात. तरी मी तुला लिहिलं, घर झकास आहे म्हणून. शी!

तू म्हणशील, एवढंच ना? हॉस्टेलची मोरी आपणच नाही का साफ केली, नाकाला ओढण्या बांधून? खरंय. घाणीचं मला काही वाटत नाही गं. इथल्या शाळेत मी काय करते, ते सांगायचंय.

ही इंग्रजी शिकवायची शाळा म्हणजे टायरच्या दुकानावरच्या चार खोल्या. वर्गाची एक भिंत काचेची, काचेपलीकडे बाक, बाकांवर पालक. महिन्यातून एकदा खुला वर्ग असतो आणि त्याची तयारी तीन आठवडे चालते. तेरा मुलं, तेरा प्रश्न, आणि प्रत्येकाला आपापलं एकच उत्तर घोकून पाठ. सहा-सात वर्षांची पोरं आहेत ती! आल्या आल्या मी मालकीणबाईंना म्हटलं, मुलांना खरंच बोलायला शिकवू या की. त्या इतक्या गोड हसल्या की मला वाटलं, पटलं. मग म्हणाल्या, मुलं शिकतील सावकाश, पालकांना या महिन्यात ऐकायचंय. माझी ओळखसुद्धा त्यांनी परस्पर बदलून टाकलीय. पालकांना सांगितलंय की मी लहानपणापासून इंग्लंडात वाढले. मी! जी अकरावीपर्यंत इंग्रजीच्या तासाला शेवटच्या बाकावर लपून बसायची!

गेल्या महिन्यात खुल्या वर्गात मी चौथा प्रश्न विसरले आणि एकदम पाचवा विचारला. मुलं आपला नंबर बघून उठतात, प्रश्न ऐकतंय कोण? तुझे बाबा काय करतात, असं विचारलं, तर चौथ्या नंबरच्या पोरानं छाती काढून सांगितलं, पिवळं आहे आणि त्याला चार पाय आहेत. ते त्याच्या मांजराचं उत्तर होतं. नाश्त्याला काय खातेस, तर पुढची चिमुरडी म्हणाली, डॉक्टर. एकदा गाडी घसरली ती घसरलीच. शेवटच्या मुलासाठी प्रश्नच उरला नाही, तर त्यानं न विचारताच उत्तर देऊन टाकलं. म्हटलं, आता काच फोडून येतात बहुतेक. आणि पलीकडून काय आलं माहितीय? टाळ्या! एक आजीबाई तर डोळे पुसत होत्या. त्या बिचाऱ्यांना इंग्रजी येत नाही म्हणून तर पोरांना इथे घातलंय. आणि मी काय केलं? वाकून नमस्कार केला. मालकीणबाईंनी पाठ थोपटली, म्हणाल्या, आता झालीस तू तयार. मी शाळेच्या मोरीपाशी जाऊन ओकले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांना म्हटलं, मला घरी जायचंय, माझा पासपोर्ट द्या. तो आल्या दिवसापासून त्यांच्या कपाटात आहे, कागदपत्रांसाठी म्हणून घेतला होता. त्यांनी करार काढून एका ओळीवर बोट ठेवलं. एक तर दोन वर्षं पुरी करायची, नाहीतर आपल्या जागी आपण माणूस आणून उभं करायचं. त्याशिवाय इथून कुणी जात नाही, ही इथली पद्धतच आहे. ऑफिसातल्या बाईंनी नंतर मला समजावलं, वेड्यासारखी रडू नकोस, प्रत्येक बाई आपल्या मैत्रिणीलाच आणते, लवकर जमतं.

आपली सिनियर आठवते ना, लांब वेणीवाली? जिच्या ओळखीनं मी इथे आले? विमानतळावर ती माझ्या गळ्यात पडून ढसाढसा रडली होती. मला वाटलं, किती जीव लावते! नवव्या दिवशी तिच्या आईला अचानक बरं नाहीसं झालं आणि ती गेली. आता कळतंय, आईला काही झालेलं नव्हतं. मी तिला येतील तेवढ्या शिव्या दिल्या. सापडली असती तर वेणी उपटून हातात दिली असती.

आणि मग, हेडबाई, मीही तेच केलं. तुला मी अचानक रोज फोन का करायला लागले, इथे ये म्हणून मागे का लागले, मुलं गोड आहेत, मालकीणबाई आईसारख्या आहेत, हे घोळून घोळून का सांगत होते, ते आता तुला कळलं असेल. माझ्या जागी मी तुझं नाव देऊन आलेय. तू वर्गात उभी राहशील त्या दिवशी मला पासपोर्ट मिळणार होता. सहा वर्षं तात्पुरत्या नोकऱ्यांत घासल्यावर तू यंदा कायम झालीस, पेढे घेऊन आधी माझ्या घरी, आईकडे गेलीस, आणि मी कुणाला विकायला निघाले, तर तुला. काल तू म्हणालीस, तू आहेस तिथे, मग मला कसली भीती? तेव्हापासून मला माझ्या तोंडाचीच शिसारी आलीय. उद्या सकाळी मालकीणबाईंना सांगणार आहे, माझी मैत्रीण येत नाही आणि दुसरी कुणीही येणार नाही. माझे चौदा महिने राहिलेत, ते मी काढीन. तू मला माफ वगैरे करू नकोस, तेवढं मोठं मन दाखवलंस तर मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं होईल. घाल शिव्या, त्या तुला चांगल्या येतात. फक्त त्याआधी एका ओळीत कळव, तो पर्समधला कागद फाडलास म्हणून.

तुझीच,
(अजून म्हणवून घ्यायचा हक्क असला तर)
रडूबाई