आजीचं नाव

प्रिय ताई,

चुका होतील, माफ कर. शाळा सुटली तशी लिहायची सवयही सुटली. मोबाईलवर एकेक अक्षर शोधत टाईप करतेय.

तू बनवलेला घराण्याचा तक्ता बघितला. आपल्यात थोरल्या नातीला आजीचं नाव देतात, त्यावरून तू चार पिढ्यांतल्या थोरल्या मुली शोधून काढल्यास. काका आपल्या लेकीबद्दल सगळ्यांना सांगत सुटलेत, "पोरगी कसली हुशार निघाली!" माझा नुसता जळफळाट झाला. आजीचं नाव तुला, म्हणून या पिढीत थोरली तू आणि मी तुझ्याखाली.

आईला तक्ता दाखवला तर ती म्हणाली, "थोरली तूच गं. अकरा दिवसांनी."

मी जन्मले तेव्हा मूठभर होते म्हणे. आजी म्हणाली, "ही काही टिकायची नाही, माझं नाव हिच्यावर वाया घालवू नका." मग तू झालीस, गुटगुटीत. मी जगतेय असं दिसल्यावर महिन्याने माझी नोंद केली. नोंदीची तारीखच माझी जन्मतारीख झाली.

लाँड्रीत मी दिवसभर कपड्यांना गिऱ्हाइकांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाचते. तुझ्या नावाची कुणी आली की हात थांबतो. वाटतं, हे माझं होतं.

फोनवर मी तुला "तक्ता छान झालाय" म्हणाले. खोटं बोलले. नाव राहू दे तुझ्याकडे, पण तक्त्यात मला तुझ्या वर लिही. हे पाठवायचं धाडस मात्र होत नाही.

बहुतेक तुला एवढंच कळवेन: काल आमच्या गल्लीतले दातांचे डॉक्टर जिन्यावरून घसरले आणि त्यांचाच पुढचा दात पडला.

तुझी,
अकरा दिवसांनी मोठी बहीण