पुसलेला पिवळा रंग

नाशिक, दसऱ्यानंतरचा सोमवार

दोन दिवस वही उघडली नाही, माफ कर. रागाने लिहवतच नव्हतं.

सातपूरच्या सिग्नलला माझी गाडी उभी असताना पिवळा टेम्पो दार घासून गेला. नंबर घेतला, पण मालक आता म्हणतो, "आमचा टेम्पो तिथं नव्हताच. आजोबांनी खांबाला ठोकली असेल." दारावर त्याचा पिवळा रंग होता, तोच पुरावा. आणि आमच्या दिवट्या प्रकाशने दसऱ्याच्या पूजेसाठी गाडी धुताना तो पेट्रोलने पुसून काढला! वर झेंडूची माळ घातली.

आज विम्याचा सर्व्हेअर आला. पोचा बघून हसला. "काका, रंग कुठंय? मला तर खांबच दिसतोय." मेला कुठला! पोटच्या पोराने तरी माझी बाजू घ्यावी की नाही? तो म्हणतो, "नाना, किल्ली द्या. आता वय झालं." म्हणजे त्यालाही खांबच वाटतो. खरंच मी... नाही. तो पिवळा रंग मी बोटाने चाचपला होता.

सिग्नलजवळच्या पंक्चरवाल्या सलीमभाईने सगळं पाहिलंय, पण तो लग्नाला मालेगावला गेलाय, फोन बंद. सलीमभाई, लवकर फोन करा हो. विमा मिळो न मिळो, प्रकाशला एकदा सांगा, म्हाताऱ्याने कुठंही ठोकली नाही.