एक पायरी थंड की दोन

३० सप्टेंबर, मंगळवार
बारा तारखेला विमानाच्या धावपट्टीवर, वेगाच्या स्पर्धेत गाडी पळवायची आहे आणि अजून स्पार्क प्लग ठरत नाहीत. अन्वरभाई म्हणतात, ‘मोठा टर्बो बसवलाय, एक पायरी थंड प्लग पुरे.’ इंजिन त्यांनीच बांधलंय. ऑफिसातला निखिल, अमरावतीचा, म्हणतो, ‘दोन पायऱ्या थंड टाक न बे, कायले रिस्क घेतो?’ दोघंही बरोबर वाटतात, हीच पंचाईत.

जेवताना बायकोने, मेधाने विचारलं, ‘थंड प्लग म्हणजे फ्रीजमधला का?’ सांगितलं. टर्बो इंजिनात जादा हवा कोंबतो, आत आग वाढते. थंड म्हणजे उष्णता पटकन सोडणारा. गरम राहिला तर टोक लाल होतं, पेट्रोल भलत्या वेळी पेटतं, पिस्टन वितळतो. फारच थंड घेतला तर खराडीच्या ऑफिसपर्यंतच्या ट्रॅफिकमध्ये काजळी धरतो, गाडी खोकत बसते.
‘म्हणजे तुझ्यासारखंच. ऊन सोसत नाही, थंडी सोसत नाही.’

मागच्या वर्षी पिस्टन वितळला तेव्हा तिला शब्द देऊन बसलोय, पुन्हा इंजिन गेलं तर गाडी विकायची. कशाला बोललो देव जाणे.

२ ऑक्टो., दसरा
सकाळी एक पायरीवाले बसवले. मग पूजा. आईने हार घातला तो नवरदेवाला शोभेल असा. झेंडू, मध्ये आंब्याची पानं, पुढच्या जाळीवर सुतळीने करकचून. ‘काढायचा नाही हं. वाळला की आपोआप पडेल.’ बरं म्हटलं.

वरच्या मजल्यावरचे काका: ‘अहो, एवढा आवाज करून गाडी जाते कुठे? सिग्नललाच ना?’ त्यांच्या हातात आपट्याचं पान ठेवलं.

४ ऑक्टो., शनि.
पहाटे बायपास. तिसऱ्या गिअरमध्ये जोर लावला आणि तो आवाज. डब्यात खिळे हलवल्यासारखा. मागच्या वर्षीचाच. पाय काढला.

घरी येऊन प्लग काढले. टोकं तापून पांढरीफटक, वर काळे ठिपके. अन्वरभाईंना फोन केला.
‘हो ही नहीं सकता. मी बांधलंय.’
बांधलंय तुम्ही, जाणार माझी.

६ ऑक्टो., सोम.
निखिलचं ऐकलं. दोन पायऱ्या थंड. येरवड्याच्या सिग्नलला गाडी खोकायला लागली. शेजारचा रिक्षावाला म्हणाला, ‘साहेब, सीएनजी करून घ्या.’

येताना मोकळा रस्ता मिळाला, जोर लावला. आवाज कमी, पण आहेच. म्हणजे प्लगचा दोष नाही? मग पिस्टनच दुखावलाय?

७ ऑक्टो.
मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं तरी कळलं नाही. मेधाला अजून सांगितलेलं नाही. सरळ लिहितो, भीती वाटते. ती भांडणार नाही, नुसतं ‘बरं’ म्हणेल. तेच नकोय.

९ ऑक्टो., गुरु.
सांगितलं. ती माझ्याबरोबर खाली पार्किंगमध्ये आली.
‘दसऱ्याच्या आधी आवाज नव्हता?’
‘नव्हता. त्या दिवशी प्लग बदलले.’
‘अजून काय केलंस?’
‘काही नाही. पूजा.’
दोघांनी एकदमच गाडीच्या तोंडाकडे बघितलं.

हार! जाळीच्या आत टर्बोची तापलेली हवा गार करणारी दुसरी जाळी, तिच्या तोंडावरच तो वाळून चपटा बसलेला, पानं चिकटलेली. वारा जाणार कुठून? इंजिन आठवडाभर तापलेली हवा ओढत होतं आणि मी प्लगांशी भांडत होतो. रोज त्याच्यासमोरून गेलो. सोसायटीतल्या सगळ्याच गाड्यांना हार आहे, मग माझा वेगळा कशाला दिसेल? गाढव आहे मी, शुद्ध गाढव.

काढायला आईची परवानगी घेतली. ‘काढ, पण कचऱ्यात नको, कुंडीत टाक.’ मग हळूच, ‘माझ्यामुळे बिघडली का रे?’
नाही म्हटलं.

११ ऑक्टो., शनि.
अन्वरभाईंनी आत कॅमेरा घालून बघितलं. पिस्टन ठीक म्हणतात. म्हणतात. आता खरं कसं कळणार? दोन्ही प्लग तपासले ते हारासकट. आज एक पायरीवाले घालून बायपासला गेलो, आवाज नाही. पण पाय दाबून ठेवायचा धीरच झाला नाही. उद्या दाबूनच ठेवायचा आहे.

१२ ऑक्टो., रवि.
धावपट्टी. रांगेत. एक पायरीवालेच ठेवलेत. दोन पायरीवाले डॅशबोर्डच्या खणात, उगाच. निघताना आईने बोनेटवर एकच फूल ठेवलं, जाळीपासून चांगलं लांब. टोलनाक्याआधीच उडालं. मनाला लागलं.

मेधा सकाळी न विचारता शेजारी येऊन बसली. आत्ता तिला म्हटलं, ‘इंजिन गेलं तर विकू. शब्द दिलाय.’
‘दिलास तू. मी घेतला कधी?’
वर्षभर उरावर घेऊन फिरतोय, आणि ही आज सांगते! धडधड कमी व्हायला हवी होती. वाढलीच. ती पट्टा पुन्हा ओढून बघतेय.

पुढची गाडी सुटली. आता आम्ही.