एक नंबरची पत्ती

१२ जानेवारी १९३६, जालना
निजामाच्या कचेरीत फसली तारीख चालते, पण बँडमास्तरची डायरी इंग्रजी तारखेनेच पाहिजे. आजपासून मी बँडमास्तर. कापसाच्या जिनचे मालक म्हणाले, गिरिधर मास्तर, पुढच्या महिन्यात लेकीचं लग्न आहे, बँड उभा करा. नवरदेवाचा परण्या वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला दणक्यात निघाला तर नोकरी पक्की, वर जिनच्या आवारातली खोली. न्हाई निघाला तर रामराम.

निघणारच. घरी सांगितलं. शरयूने भाकरी तव्यावर तशीच ठेवली आणि विचारलं, खोलीला आपली आपली चूल आहे का. आहे म्हणालो. लग्न झाल्यापासून आम्ही सासऱ्यांच्या घरात. लोक घरजावई म्हणतात. मी तात्पुरती व्यवस्था म्हणतो. सासरे म्हणाले, जावईबापू, तेवढं लग्न होईस्तोवर थांबतो, मंग मात्र माझ्या आडतीवर बसायचं. मी हसलो. 

१५ जानेवारी
ढोलवाले मिळाले, जुने आहेत. क्लॅरिनेटला दोन नवे शिष्य. भुजंग पैलवान आणि रामकिसन शिंपी. पैलवानाची छाती बघून क्लॅरिनेटच घाबरेल. रामकिसनचं तोंड त्याच्या मशीनपेक्षा जास्त चालतं. शिकवायची पद्धत ठरवली : शिस्त. शिवाय रोज पहाटे उठून माझा स्वतःचा रियाज. उद्यापासून.

१६ जानेवारी, सकाळी नऊ
थंडी फार आहे. पहाट पुढच्या आठवड्यापासून.

१९ जानेवारी
मुंबईचं पार्सल आलं. करोडगिरीच्या जकात नाक्यावर कारकुनाने काळा माउथपीस हातात धरला अन् म्हणाला, हुक्के का सामान है. मी इंग्लिशमधून दोन वाक्यं ऐकवली. त्याने हुक्क्याचाच महसूल लावला.

शिष्यांना लेक्चर दिलं. माउथपीस म्हणजे वाद्याचं तोंड. त्याला ही बोरूची पत्ती बांधायची, म्हणजे रीड. पत्ती थरथरली की सूर. सोपं आहे.

मंग निवड. हे काम येरागबाळ्याचं न्हाई. माउथपीस काही अरुंद फटीचे, काही रुंद. तोंड मोठं तर आवाज मोठा, हे शेंबडं पोरही सांगेल. रुंद शिष्यांना दिले, अरुंद माझ्याकडे ठेवले. पत्त्यांच्या डब्यांवर एकपासून चारपर्यंत नंबर. रेल्वेत फर्स्ट क्लासात साहेब बसतो, नवशिका बसत न्हाई. एक नंबर मास्तरला, चार नंबर शिकणाऱ्यांना. चार नंबर फार जाड निघाल्या. हलका माल जाडच असतो. एक नंबर कशी, कांद्याच्या पापुद्र्यासारखी!

२१ जानेवारी
आवाज न्हाई. भुजंगने फुंकलं, गाल फुगले, मानेच्या शिरा तट्ट, डोळे लाल. बाहेर नुसती हवा. रामकिसन म्हणाला, मास्तर, ही पत्ती हाय का दाराची फळी? मी म्हणालो, विद्या कष्टानेच येते.

माझी एक नंबर घरात हळू वाजवली तर गोड बोलते. जोर लावला की चिकटते, अन् सूर बिलकुल बंद. खानदानी मालाला नखरा असणारच.

२६ जानेवारी
भुजंगला फुंकता फुंकता चक्कर आली. त्याची आई सगुणाबाई भर मोंढ्याच्या बाजारातून ओरडत आली. म्हणे, माझ्या लेकाची पाठ आजवर कोण्या पैलवानानं लावली न्हाई, ती तुमच्या पिपाणीनं लावली! पिपाणी!! मी तिला वाद्याचं खरं नाव सांगितलं. ती म्हणाली, नाव घाला चुलीत.

३० जानेवारी
लग्नाला दोन आठवडे. अजून आवाज न्हाई. काळजीचं कारण न्हाई, पण जेवण जात न्हाई.

रामकिसनने आज अक्कल पाजळली. म्हणाला, मास्तर, आमच्या सुईचा नंबर जाडीचा असतो, इज्जतीचा न्हाई. ह्या पत्त्यांचंही तसंच दिसून राह्यलंय. एक नंबर मऊ हाय, ती आम्हाला द्या. बघा! शिष्याला फर्स्ट क्लास पाहिजे! मी बजावलं की शिंप्याने सुईचं बघावं. डब्याला कुलूप लावलं.

४ फेब्रुवारी
मालक ऐकायला आले.  मी सांगितलं, पोरांचे घसे बसलेत. मालक म्हणाले, क्लॅरिनेट घशाने वाजवतात का? ह्याला उत्तर आहे, पण मालकांना उत्तर देऊ नये. जाताना म्हणाले की नवरदेवाकडचे हसनाबादचे लोक लई कडक आहेत, माझं नाक जायला नको, हलगीवाल्या कडूबाला तयार राहायला सांगतो. बँडच्या लग्नात हलगी! अपमान गिळला.

शरयूने विचारलं, बराबर चाललंय न? बिलकुल बराबर, म्हणालो. ती खुश होऊन शेजारी सांगायला गेली. तिला थांबवायला पाहिजे होतं.

८ फेब्रुवारी
तालमीला जरा उशीर झाला. लांबूनच क्लॅरिनेट ऐकू आली. अगदी सुरेल. वाटलं, कोण उस्ताद आला? दारातून बघतो तर रामकिसन! सुईने कुलूप उघडून माझी एक नंबर लावल्ती, अन् अरुंद फटीचा माउथपीस. भुजंग मान हलवून राह्यला होता.

अस्सा संताप आला! पत्ती हिसकावली. बजावलं, चांगल्या मालावर कोणीही वाजवेल, त्यात तुमचं काय कौतुक? त्यांना परत चार नंबर बांधायला लावल्या. डबा अन् अरुंद माउथपीस आता माझ्या कोटाच्या खिशात.

मनात एक शंका आली. तिला बसू दिलं न्हाई.

१३ फेब्रुवारी, सकाळ
लग्नाचा दिवस. लाल कोट घातला. रुबाब आहे. 

त्याच दिवशी, दिवेलागण
लिहिणार नव्हतो.

परण्या निघाला. नवरदेव घोड्यावर, पुढे आम्ही. मी हात वर केला. ढोल बराबर पडला. मंग क्लॅरिनेट. भुजंगची नुसती हवा. रामकिसनच्या वाद्यातून कोंबडी दाबल्यासारखा एक चीत्कार. मी सावरायला म्हणून सगळा जीव लावून फुंकलं. माझी पत्ती चिकटली. परत फुंकलं. बंद. घोडा थांबला. नवरदेवाचे वडील म्हणाले, लग्नाला आलो का मयताला?

मालकांनी माझ्याकडे बघितलंही न्हाई. कडूबाला हाक मारली. तो रस्त्याच्या कडेला पाचोळा पेटवून हलगीचं कातडं शेकून ताणायला बसला. तेवढ्यात रामकिसनने माझ्या खिशात हात घातला, माफ करा मास्तर म्हणाला, डबा काढला, भुजंगलाही पातळ पत्ती दिली, अरुंद माउथपीस लावले. अन् वाजवलं. दोघांनी वाजवलं! हसनाबादचे म्हातारे टोप्या उडवून नाचले. कडूबा हलगी घेऊन त्यांच्यातच मिसळला.

मी वाद्य तोंडाला लावून मारुतीपर्यंत चालत गेलो. फुंकलं न्हाई. गर्दीत कोणाला कळलं न्हाई. बायकांच्या घोळक्यात शरयू होती. तिला कळलं.

१५ फेब्रुवारी
मुंबईच्या दुकानाने नंबर उलटे छापलेत, हे उघड आहे. तक्रार करणार.

मालकांनी बोलावलं. शाबासकीच्या तयारीने गेलो, शेवटी कोणत्या सुराला कोणतं बोट हे मीच शिकवलं होतं. मालक म्हणाले, बँड पक्का. मास्तर रामकिसन. खोलीही त्यालाच. मी विचारलं, अन् मी? मालक म्हणाले, तुम्ही लग्नाला आलात, बरं वाटलं.

१७ फेब्रुवारी
 आज शरयूच्या आईकडून कळलं. लग्नाच्या आदल्या दिवशी ती गुपचूप जिनमधल्या खोलीवर गेल्ती. तिथली चूल शेणाने सारवून आल्ती, आम्ही राहायला जाईस्तोवर वाळलेली बरी म्हणून. आता रामकिसनची बायको गोजरबाई त्या चुलीवर भाकरी भाजते.

मला वाईट वाटलं. फार वाटलं. शरयूला म्हणालो, पुढच्या लगनसराईत बघ. तिने मान हलवली, हो म्हणून का न्हाई म्हणून, कळलं न्हाई.

मंग सासऱ्यांनी दिलेली आडतीच्या दुकानाची काळी टोपी तिने माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, घालून बघा, मोठी असंल तर बदलून आणते.

घातली. बराबर बसली.