ब पिंजऱ्यातली गुबगुबीत मंडळी

२० जानेवारी २०२५
सगळ्या उंदरांना विषाणू टोचून झाला. आता त्यांना रक्ताचा कॅन्सर होणार. हा विषाणू उंदरांचाच, माणसाला लागत नाही — आईला दहादा सांगितलं. तरी कसालच्या कॉलेजातून आले की भावाजवळ, विनीतजवळ, जायच्या आधी मला आंघोळीला पिटाळते.
अ पिंजऱ्याला एका बाटलीतलं द्यायचं, ब पिंजऱ्याला दुसरीतलं. एकीत सदाफुलीतलं औषधी अल्कलॉइड, दुसरीत नुसतं मिठाचं पाणी. कुठलं कशात, फक्त सरांना ठाऊक. मी नवी. टोचायचं आणि अंदाज बांधायचे नाहीत. दुसरं जमतं कुणाला!
विनीतच्या रक्ताच्या कॅन्सरवर गोव्यात देतात ते इंजेक्शनही सदाफुलीचंच. म्हणून हे उंदीर मला भावकीतले वाटतात.

२९ जानेवारी
सर म्हणाले, अल्कलॉइड विषाणूला मारत नाही. बिघडलेली पेशी एकाची दोन व्हायला निघाली की मध्येच अडवतं. आवडलं मला.

६ फेब्रुवारी
ब मंडळी गुबगुबीत, पोटं टम्म. अ वाले वाळलेत, केस पिंजारलेले. म्हणजे औषध ब ला — माझा निकाल लागला!

९ फेब्रुवारी
घरी मात्र उलटं. औषध घेऊन विनीत वाळतच चाललाय. आई म्हणाली, "माझो झील सुकलो त्या औषधान. ह्या मंगळवारी व्हरू नको त्येका."
मला ब पिंजरा आठवला. औषध लागू पडलं तर अंग धरायला नको? "बरं, नाही नेत," म्हणाले. फार भीती वाटतेय.

१० फेब्रुवारी
दोन्ही पिंजऱ्यांतले काही उंदीर आज कापून पाहिले. ब चं ते बाळसं नव्हतंच. प्लीहा सुजून पोटभर पसरलेली — कॅन्सरच्या पेशींनी भरलेली. अ ची जवळजवळ निरोगी उंदराएवढी. सर म्हणाले, औषध अ ला होतं. भूक मारतं, अंग उतरवतं, पण त्या पेशींना वाढू देत नाही. "उंदीर म्हणजे माणूस नव्हे हं," असंही म्हणाले. मान्य. तरी बाथरूममध्ये जाऊन रडले. तिथूनच आईला फोन केला, सगळं सांगितलं. ती मग म्हणाली, "पेज करून ठेवतंय. सकाळी वाटेत दी त्येका."

११ फेब्रुवारी
गोव्याची गाडी. विनीतला उंदरांचं सांगितलं. पँटचा पट्टा आणखी आवळत तो म्हणाला, "मगे होऊंदे माका बारीक."