दारातलं ‘व्हय’

आई, आपल्या आळीत आता गाडी लावायला परवाना लागतो. हे ऐकून तू आधी हसली असतीस आणि मग विचारलं असतंस, “आन् ज्याच्याकडं गाडीच न्हाई, त्यानं काय करायचं?” हा प्रश्न आमच्या नगरपालिकेच्या ऑफिसात कुणाला सुचला नाही. मलाही नाही, आणि मी तुझी मुलगी. म्हणून लिहायला बसले. पत्र टाकणार कुठं, ते मात्र विचारू नकोस.

तुझ्या वेळी सुट्टीच्या दिवशी चुकून एखादी मुंबईची गाडी आळीत शिरायची. आता शुक्रवार संध्याकाळपासून पाय ठेवायला जागा नसते. हॉटेलवाले पाहुण्यांना बिनधास्त सांगतात, मागच्या आळीत लावा. कुणी आपल्या पायरीला चाक लावून जातो, कुणी बेल वाजवून विचारतो, “आंटी, दस मिनट?” आणि दहा मिनिटांचा माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी उगवतो. मी तोंड सोडते, तो ओशाळतो, मग तोच पाणी मागतो आणि गाडीतली पोरं आपल्या मांजराशी खेळत बसतात. असा सगळा तमाशा.

तर ऑफिसात योजना आली. गाडीच्या कागदांवर आळीचा पत्ता असेल त्यालाच परवाना, बाकीच्या चाकांना जॅमर. आधी रहिवाशांचं मत घ्यायचं होतं. साहेब म्हणाले, “मॅडम, तुमचीच आळी ना? तुम्हीच फिरा.” फिरले की! ऑफिसातून येता येता एका संध्याकाळीत आख्खी आळी उरकली. दारात उभं राहायचं, योजना सांगायची, चालेल का विचारायचं. सगळ्यांचं व्हय. समोरच्या मावशी तर म्हणाल्या, “तू म्हंतीस तर चांगलंच आसंल की, बाई.” साहेब खूश, मी त्याहून खूश.

मावशी आता एकट्याच असतात. तुम्ही दोघी औंढ्याच्या, एकाच वर्षी या आळीत नांदायला आलेल्या, त्यामुळे त्या अजून माझ्यावर तुझ्या वाटणीचंही ओरडतात. त्यांचा मुलगा चाकणला कंपनीत आहे. रविवारी बायको-पोरांना घेऊन गाडीनं येतो, म्हणजे यायचा. हल्ली वळणावरूनच फोन करतो, आई, गाडी लावायला जागा नाही, पुढच्या वेळी येतो. मावशींनी केलेलं कालवण मग रात्री माझ्याकडे येतं. मी आळी फिरले त्यानंतरच्या रविवारीही पातेलं घेऊन आल्या, पण चेहरा उजळलेला. म्हणाल्या, “आता ह्या पावन्यांच्या गाड्या जातील, तवा माज्या लेकाला जागा घावंल न्हवं?”

मी पातेलं खाली ठेवलं. त्याच्या गाडीचा पत्ता चाकणचा. पहिला जॅमर त्यालाच बसला असता. मी समजावून सांगितलं तशा त्या म्हणाल्या, “मंग त्यो यायाचाच न्हाई. आदीच त्याला निमित्त लागतंय.” मला रागच आला. म्हटलं, “मावशी, मग मी विचारलं तेव्हा व्हय कशाला म्हणालात?” तर म्हणतात कशा, “तू दारात हुबी. तुज्या आईची पोर. तुला तोंडावर न्हाई कसं म्हनायचं?”

आणि आई, तू आठवलीस. आळीत कुणाचंही लग्न असो, आवतण द्यायला तूच जायचीस. हातात कुंकवाचा करंडा, मागे मी. एकदा मी पुढे पळत जाऊन चार दारांवर “येतो की” ऐकून आले आणि तुला ऐटीत म्हणाले, सगळे येणार. तू भर रस्त्यात मला झापलंस. “येडी का खुळी! आवतनाला दारात कुनी न्हाई म्हनतं व्हय? आत जायाचं, बूड टेकायचं, च्या घ्यायचा. मंग कळतं कोन येनार.” प्रत्येक घरात तू चुलीपाशी बसतेस, कुणाच्या गायीची, कुणाच्या सुनेची चौकशी करतेस, आणि मी उंबऱ्यावर कंटाळून मरते. निघायच्या वेळी मग हळूच एखादी सांगायची, आमचं जमायचं न्हाई ग. तेवढंच खरं धरून तू भात टाकायला सांगायचीस.

मी पुन्हा फिरले. या वेळी बूड टेकून. इतका चहा प्यायले की पित्त झालं. एकीची लेक बाळंतपणाला येणार, जावयाची गाडी कुठं लावायची. एका भाऊंचा टेम्पो मालकाच्या नावावर. कुणालाच योजना जशीच्या तशी नको होती, आणि मी सगळ्यांचा होकार देऊन बसले होते. पुढच्या सोमवारी साहेबांना सांगितलं, ते होकार खरे नाहीत, माझ्या तोंडाकडे बघून दिलेत. ते म्हणाले, “मॅडम, वर काय सांगू मी?” म्हटलं, “माझं चुकलं म्हणून सांगा, पण लोकांना शाळेत बोलवा.” आवाज जरा चढलाच माझा.

बोलावलं. साहेबांपुढं सगळे पुन्हा ‘व्हय, व्हय’ म्हणत माना डोलवायला लागले. शेवटी मावशीच खुर्चीला धरून उठल्या. “माज्याकडं गाडी न्हाई. माज्याकडं येक मानूस येतं. त्याला जागा द्या.” मग एकेकाला कंठ फुटला. साहेबांनी डोक्याला हात लावला, पण ऐकून घेतलं. आता गाडी असो-नसो, प्रत्येक घराला पाहुण्याच्या गाडीसाठी एक कार्ड मिळालंय. मावशींचा मुलगा रविवारी येतो. समोरून पोरांची आदळआपट ऐकू येते आणि कालवण माझ्याकडे यायचं बंद झालंय.

कार्ड आपल्या घरालाही आलं. तुझ्या पिशवीच्या खिळ्याला अडकवून ठेवलंय. खरं सांगू? त्या मुंबईवाल्यांच्या नावानं मी इतका शिमगा केला, पण ते गेल्यापासून आपली बेल वाजत नाही. सुट्टीच्या दिवशी मला करमत नाही, आई. ज्यांना शिव्या घातल्या त्यांचीच वाट बघते मी.

परवा मात्र वाजली. मावशींचा मुलगा होता. मेहुणाही गाडी घेऊन आलाय, म्हणाला, ती तुमच्या कार्डावर तुमच्या दारात लावली तर चालेल का, ताई? मी व्हय म्हणाले. दारातच म्हणाले, पण खरं होतं.