लिंबाच्या पानातलं बिऱ्हाड

युसूफ वडगाव, १४ सप्टेंबर २०२४

ती. चतुराअक्कांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

हे गेले त्या सकाळीही मी राखेनं भांडी घासत होते आणि तुमचे भाऊ त्यांनी लावलेल्या कागदी लिंबाला बादलीभर पाणी घालत होते. एवढंच आठवतं, विशेष काही नाही. आता ती बादली मी ओतते. झाडाला त्यांची उणीव भासू नये म्हणून वर आणखी एक.

तर लिंबाच्या पानांवर चांदीसारख्या नागमोडी रेघा उठल्यात. गोगलगायी फिरल्या समजून मी रोज पानं साबणानं धुतली. मग शेतीच्या पुस्तकात वाचलं, ही नागअळी. एवढासा पतंग कोवळ्या पानावर अंडं घालतो, अळी पानाच्या आत दोन सालींमधून खात खात जाते. म्हणजे इतके दिवस मी अळीबाईच्या घराचं छप्पर धूत होते! शेवटी पानाची कड दुमडून ती आत कोष करते. तसलं एक पान लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवलंय. धाकटे भाऊजी आसाराम झाड रोगट म्हणून तोडायला निघालेत. पतंग निघेपर्यंत थांबा म्हणून विनवलंय.

आतापर्यंत धरलीत तशीच सावली धरा.
भिवरा

सिरसाळा, १९ सप्टेंबर

चि. भिवरास,
जयभीम व आशीर्वाद.

पत्र वाचता वाचता हसून भाकर करपली. आसारामला सांग, तुझ्या दाताला कीड लागली तेव्हा आम्ही मुंडकं उडवलं न्हाई. एक विचारते. आमच्या लिंबाची पानं जून, राठ, त्यांना अळी न्हाई. तुझ्याच झाडाला सदा कोवळी पालवी कावून? शहादेव होता तेव्हा असं नव्हतं.

जेवत जा, आणि अक्काला विसरू नको.
चतुरा

युसूफ वडगाव, २६ सप्टेंबर

ती. अक्कांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

आज पहाटे पतंग निघाला! तिळाएवढा, रुपेरी, पंखांच्या टोकाला काळा ठिपका. भाऊजी कुऱ्हाड घेऊन आले, त्यांनाच बरणी धरायला लावली. झाकण काढलं आणि ते शिंकले. पतंग गायब. बघते तर त्यांच्या पांढऱ्या मिशीत बसलेला. कुऱ्हाड काखेत, श्वास रोखून भाऊजी पुतळ्यासारखे उभे. मी हसून हसून खाली बसले. हे गेल्यापासून अशी हसले नव्हते.

तो उडाल्यावर तुमचा प्रश्न वाचून दाखवला. भाऊजींनी बुंध्याशी बोट खुपसलं, तर नुसता चिखल. इतकं पाणी पाजल्यावर पालवी फुटणारच, म्हणाले. लाडापायी अळीचं ताट मीच वाढत होते. पाणी कमी करा, नवी पालवी स्वच्छ आली तर झाड राहील, असं बजावून ते गेले.

माया आहे तितकीच असू द्या, वाढली तर चालेल.
भिवरा

ता. क. पत्र टाकायचं राहिलं होतं. आज, २७ ला, सकाळी भांडी घासली आणि लिंबाला एकच बादली घातली.